बाकड्यावरचा गडी

२२ फेब्रुवारी, रविवार. हजर: आमच्या कबड्डी मंडळाचे म्हातारे गडी सहा, तरुण सात, पंच एक, बघे पन्नासेक, आणि चिटणीस म्हणून वही घेऊन मी. हरेशदादांचं नाव मी हजेरीत घेत नाही. ते रेषेबाहेर बाकड्यावर बसतात.

हरेशदादा माझे चुलत दीर. अलिबागच्या कॉलेजातून कबड्डी गाजवली, मग मस्कतला एका जहाज कंपनीत कारकून म्हणून गेले आणि तीस वर्षांनी जनरल मॅनेजर होऊन गेल्या वर्षी परतले. साहेब झाले, पण कबड्डीतला दम काही सुटला नाही. त्यांच्याशी बोलायचं ते एका दमात. मध्ये श्वास घेतला की हात वर करतात. “दम गेला. पहिल्यापासून.” पथ्य सांगता सांगता डॉक्टर थांबले, तर त्यांनाही ‘सकाळी उठल्यावर’पासून पुन्हा सुरू करायला लावलं. मला हे सोयीचं पडलं. त्यांना वाचून दाखवायच्या मंडळाच्या कामांच्या याद्या एका दमात बसाव्यात म्हणून निम्म्यावर आल्या.

मस्कतच्या ऑफिसात त्यांनी बाकडं ठेवलं होतं. ज्याची चूक होईल त्याने बाकड्यावर बसायचं. दुसऱ्या कुणी नवं गिऱ्हाईक आणलं की बाकड्यावरचा पहिला माणूस उठून टेबलावर परत. कबड्डीत समोरचा गडी मारला की आपला बाद गडी उठतो, आणि आधी बाद झालेला आधी उठतो, तोच हा नियम. एक मल्याळी कारकून म्हणे उठायलाच तयार नसायचा. बाकडं एसीच्या बरोबर खाली होतं.

गावी आल्यावर त्यांनी मैदानाला कुंपण घालून दिलं, पाण्याची टाकी दिली आणि एक बाकडं दिलं. ते मैदानाच्या पांढऱ्या फक्कीच्या रेषेबाहेर ठेवून स्वतःच त्यावर बसले. सत्काराला बोलावलं तरी आत आले नाहीत. नारळ बाहेरच घेतला. साहेबांच्या बुटाला माती चालत नाही, असं लोक म्हणत. मीही म्हटलं असेन.

मग एकदा कोलंबी सोलता सोलता माझ्या जाऊबाईंनी, म्हणजे हरेशदादांच्या बायकोने, खरं ते सांगितलं. कॉलेजच्या फायनलच्या आदल्या दिवशी दादांचं मस्कतचं विमान होतं. कप्तान बबन ठाकूर. त्याने राखीव गडी घेतलाच नाही, सहा जणांत खेळला आणि हरला. तेव्हापासून तो दादांशी शब्द बोललेला नाही. “हे तिथं त्याच्यासाठीच बसतात गं. बोलावेल म्हणून.”

बबनभाऊ आता बर्फाचा टेम्पो चालवतात. म्हाताऱ्यांचा संघ त्यांचाच. दर वर्षी मी सातवं नाव विचारते आणि दर वर्षी ते सांगतात, सहाच लिही.

आजही सहाच होते. तिसऱ्या चढाईला बबनभाऊ गेले. तरुणांतल्या एकाने त्यांचा घोटा धरला. पोटावर घसरत, दम न सोडता त्यांनी मध्यरेषेला बोटं लावली. पंचाने गुण दिला. आमचं कुणी बाद नव्हतं, म्हणून तो पुढच्या चढाईची शिट्टी वाजवणार, तेवढ्यात बबनभाऊंनी त्याला थांबवलं.

“आमचा एक गडी बाद हाय.”

पंचाने मोजले. सहाच्या सहा मैदानात.

“तो बग बाकड्यावर. पयला बाद झालेला तोच हाय. उठव त्याला.”

हरेशदादा उभे राहिले. “बबन, मी तेव्हा...” एवढंच बोलले आणि थांबले.

बबनभाऊंनी हात वर केला. “दम गेला तुजा. आदी आत ये.”

दादांनी बूट काढले, मोज्यांच्या घड्या करून बुटात ठेवल्या, रेषेला हात लावून तो कपाळाला लावला आणि मैदानात आले. कुंपणाशी उभ्या असलेल्या जाऊबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वहीत तिथे रेघोटी उठली आहे.

पहिल्याच चढाईत दादांची पकड झाली. बाद. हसत हसत परत बाकड्यावर. दोन मिनिटांत बबनभाऊही बाद होऊन शेजारी येऊन बसले. सामना आम्ही सणसणीत हरलो.

सातवं नाव वहीत घातलं. टाकी बंद केली, फक्कीची गोणी आत नेली. बाकडं तेवढं शाळेच्या पडवीत ठेवायचं राहिलंय. दोघं अजून त्यावरच बसलेत. हरेशदादा तीस वर्षांचं सांगतायत, मध्ये मध्ये श्वास घेत.