दहा हात अंतर

बालमित्रांनो, एका जंगलात एक गोदाम होते. जंगल फार जुने होते. गोदाम नवे होते, म्हणून सगळ्यांचा त्याच्यावर जास्त विश्वास होता.

गोदामाचा मालक झिप्रोजी अस्वल. उन्हाळ्यात सगळे प्राणी मोहाची फुले, चारोळ्या, सुका चारा तिथे आणून ठेवत आणि पुढचा पावसाळा त्यावर काढत.

फुलांना बुरशी लागू नये म्हणून झिप्रोजीने मोठे पंखे बसवले. पंख्यांना वीज लागते. विजेला ट्रान्सफॉर्मर लागतो. ट्रान्सफॉर्मर म्हणजे तेलाने भरलेली लोखंडी पेटी. ती मोठी वीज घेते आणि पंख्यांना झेपेल एवढी करून देते. ती घरघरते, तापते आणि एखाद्या वेळी पेटते. म्हणून राजाचा नियम होता : ट्रान्सफॉर्मर आणि माल यांच्यात दहा हात अंतर हवे.

झिप्रोजीने ती पेटी पोत्यांच्या जवळच ठेवली.

तपासणीला धवलराव बगळे आले. बराच वेळ एका पायावर उभे राहून पाहत राहिले.

"झिप्रोजी, हे काही दहा हात दिसत नाहीत."

"मग बाहेर ठेवा ना ती पेटी," काटेबाई म्हणाल्या. काटेबाई म्हणजे साळिंदर. त्यांच्या चारोळ्या पेटीच्या शेजारीच होत्या, आणि घरी खाणारी पिल्ले होती.

"बाहेर आंब्याखाली मी दुपारचा झोपतो," झिप्रोजी म्हणाला. "घरघर सहन होत नाही मला."

"निदान पोती तरी सरकवा."

"कुठे सरकवू? पाय ठेवायला जागा नाही."

धवलराव विचारात पडले. त्यांना नियम मोडायचा नव्हता आणि झिप्रोजीच्या तळ्यातले मासेही सोडवत नव्हते.

"साहेब," झिप्रोजी म्हणाला, "नियमात दहा हात म्हटलंय. कोणाचे हात, ते म्हटलंय का?"

"नाही बुवा."

"मग तुमच्याच हाताने मोजा."

धवलरावांनी पंख उघडून पाहिले आणि मिटून घेतले. "आम्हाला हात नसतात."

"ज्याला आहेत त्याचे घेऊ."

एका खारीला बोलावले. खारीने पेटीपासून पोत्यांपर्यंत हात टेकवत मोजले. दहा भरले, वर थोडी जागा उरली.

"नियमापेक्षा जास्तच आहे," धवलराव म्हणाले. त्यांना खरोखर आनंद झाला होता.

"साहेब, आग काय खारीच्या हाताने मोजून थांबणार आहे?" काटेबाईंनी विचारले.

"आग नियमाबाहेर गेली, तर तिच्यावर कारवाई होईल, बाई."

काटेबाईंनी आपल्या चारोळ्या परत मागितल्या. झिप्रोजीने नम्रपणे नकार दिला. "माल हलवला की अंतर बदलतं. साहेबांना पुन्हा यावं लागेल."

वैशाखातल्या एका दुपारी पेटीतून तेल ठिबकू लागले. काटेबाईंना जळका वास आला. त्यांनी धावत जाऊन आंब्याखालच्या झिप्रोजीला हलवले.

"उठा, गोदामात काहीतरी जळतंय."

"सगळं नियमात आहे," असे म्हणून झिप्रोजीने कूस बदलली.

तेवढ्यात मोहाच्या पोत्यांनी पेट घेतला. आत माकडे पोती रचत होती. काटेबाईंनी मागचे दार ढकलून उघडले आणि त्यांना एकेक करून बाहेर काढले. मग चारोळ्यांसाठी पुन्हा आत शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा पाठीवरचे काटे करपले होते आणि हात रिकामे होते. पिल्लांनी आधी हातांकडे पाहिले. काटेबाईंनी हात मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी चौकशीला धवलराव आले. राखेत पाय पडू नये म्हणून बेताने चालले. काळवंडलेली पेटी जागेवरच होती. त्यांनी चहूकडे मान वळवून पाहिले.

"पेटीच्या आसपास कुठेही माल नाही," ते म्हणाले. "मालकाने नियम काटेकोर पाळलेला दिसतो."

"आणि आमचा माल?" काटेबाईंनी विचारले.

"मी ट्रान्सफॉर्मर तपासायला आलोय, बाई. तुमची काही तक्रार असेल तर ती मालाच्या खात्याकडे करा."

"ते खातं कुठे आहे?"

"अजून निघायचं आहे."

काटेबाई पिल्लांना घेऊन नदीपलीकडे गेल्या. तिथे गोदाम नव्हते. तो पावसाळा त्यांनी कंदमुळे उकरून काढला. सगळी पिल्ले जगली, पण सगळी वाढली नाहीत. झिप्रोजीला सुरक्षित गोदामाबद्दल दरबारात शाल मिळाली.

तात्पर्य : मुलांनो, ट्रान्सफॉर्मर आणि माल यांच्यात नेहमी अंतर ठेवावे. ते जमत नसेल तर धीर धरावा. माल जळला की अंतर आपोआप वाढते.