गाडीचं नाक मोकळं करणारे ऋषीभाऊ

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो, त्याच संध्याकाळी शेजारच्या ऋषीभाऊंनी माझं नाक चिमटीत धरलं. "आता जिना चढून दाखवा," म्हणाले. चौथ्याच पायरीवर मी तोंड उघडलं. "पाह्यलं? कंपनीवाल्यानं गाडीचं असंच नाक दाबून ठेवलं असते."

गाडी म्हणजे त्यांची जुनी मारुती. तिचा हवेचा काळा डबा काढून त्यांनी नागपूरहून आणलेला लाल, उघडा फिल्टर बसवला होता. तेव्हापासून ती अशी गुरगुरायची की कॉलनीतली कुत्री कुंपणापलीकडे जायची. "पावर पाहा," ऋषीभाऊ म्हणायचे. वीजकेंद्रात दिवसभर मोठमोठे पंखे सांभाळणारा माणूस. हवेशिवाय दुसरा विषय नाही. सर्दी झालेल्यालाही ते "फिल्टर साफ करा" असंच सांगायचे. त्यांच्या गाडीत बसायची मला लाज वाटायची. बाजारात लोक वळून बघत आणि मी मान खाली घालून चपलेचा अंगठा तपासत बसे.

तरी धानोऱ्याजवळच्या गावी त्यांच्या लेकीच्या, सुषमाच्या, बाळाचं बारसं होतं तेव्हा मला त्यांनी नेलंच. मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी मंदावहिनी. ऊन रणरणत होतं. सपाटीवर नुसता गडगडाट झाला, आणि चढ लागताच गाडी ढेपाळली. मूळचा डबा बाहेरची थंड हवा आणायचा. हा उघडा फिल्टर इंजिनाशेजारी बसून त्याचीच तापलेली हवा ओढत होता. मागून खच्चून भरलेली एसटी आली आणि आम्हाला सहज मागे टाकून गेली. कंडक्टरनं खिडकीतून हात हलवला.

गावात मात्र गर्जना करतच शिरलो. अंगणात पाळणा म्हणणं चाललं होतं. गाडी दाराशी थांबली आणि बाळ दचकून काळंनिळं होईस्तोवर रडलं. सासरची माणसं बाहेर धावली. सुषमा सासूला हळूच म्हणाली, "आमचे बाबा असेच आहेत जी. मनावर नका घेऊ."

ते ऋषीभाऊंनी ऐकलं. जेवताना ते पंगतीच्या टोकाला बसले. बाळाजवळ गेलेच नाहीत.

"गाडीचा एवढा हट्ट कशाला?" मी मंदावहिनींना विचारलं.

"पयल्या बाळंतपणाले सुषमाचं पोट दुखाले लागलं, निरोप आला, आमी निंगालो," त्या म्हणाल्या. "चढावर गाडी ओढेच ना. पोचलो तं लेकरू गेलं होतं. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तवापासून यायनं हे सुरू केलं."

निघताना बाळ झोपलं होतं. ऋषीभाऊंनी गाडी सुरूच केली नाही. "रस्त्यापर्यंत ढकलू," म्हणाले. ते दाराशी स्टिअरिंग धरून, मी मागून. एवढ्यात सुषमा आली, पदर खोचला आणि माझ्या शेजारी डिकीला हात लावला.

"तू काऊन आली? लेकरू उठन."

"सासूबाई आहेत त्याच्यापाशी."

रस्त्यावर पोचल्यावर ऋषीभाऊ तिच्याकडे न बघता म्हणाले, "आवाजच वाढला बाई. गाडी काई पळत नाई."

"सावकाश या, बाबा. पण येत जा."

त्यांनी हात पँटला पुसले. थोडा वेळ घराकडे बघत राहिले.

"एकदा पाहून येऊ का त्याले?" त्यांनी विचारलं. "पायी जातो."