कन्येच्या निद्रेपायी आरसा खोल गेला त्याची हकीकत

श्री. ज्या शक्तीचे वजन अद्याप कोणी केले नाही तीस दुरून नमन करून, जेवढे डोळ्यांस दिसले तेवढेच लिहिले असे. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, माघमासी, एका राज्यात धातुपरीक्षेच्या कारखान्यावरील अंमलदार आल्हादपंत यांचे घरी कन्यारत्न जाहले. बारसे व्हावयाचे होते म्हणोन कन्येस नाव नव्हते, आणि नावाविनाच तिचा हुकूम चालू लागला. त्या राज्यात नवा कायदा जाहला होता की पित्यासही पंधरवड्याची पगारी रजा द्यावी, परंतु ती मागण्याचे धैर्य कोणास जाहले नव्हते. पंतांनी मागितली. तेव्हा दिवाणसाहेब हसून बोलिले, "काय पंत, बाळंतीण तुम्ही की वहिनी?" आणि कचेरीच्या मंडळींनी डिंकाचे लाडू व कानटोपी ऐसा बाळंतविडा पंतांचेच नावे पाठविला. पंतांनी लाडू खाऊन पाहिले, खसखस कमी आहे ऐसा अभिप्राय कळविला, आणि रजेवर गेले.

परंतु रजेत पंतांचा आणिक एक मनसुबा होता. पंतांस दुर्बिणीचा छंद. वर्षभर ते काचेच्या एका जाड तबकडीवर दुसरी ठेवून, मध्ये पाणी व कुरुंदाची पूड घालून घाशीत होते, कारण ऐसे घाशिले म्हणजे वरची तबकडी मध्ये खोल होत जाते, आणि तिचाच दुर्बिणीचा आरसा होतो. त्या महिन्यात सायंकाळी पश्चिमेस धूमकेतू येणार होता, तो पुन्हा पंतांचे हयातीत यावयाचा नव्हता, आणि त्यापूर्वी आरसा सिद्ध व्हावा हाच एक ध्यास होता.

मग ऐसे जाहले की कन्येने रुदन आरंभिले आणि झोळी, अंगाई, खांदा हे सर्व उपाय हरले. पंत बाजूच्या खोलीत घाशीत होते, तो रुदन थांबले. हात थांबविला, पुन्हा रुदन; हात चालविला, पुन्हा शांतता. तीन वेळा ऐसे घडले. पंत बोलिले, "तीन वेळांवरून सिद्धांत करू नये." शर्वरीबाई, पंतांच्या पत्नी, बोलिल्या, "सिद्धांत राहू द्या, हात चालवा." आणि पंतांनी तबकड्या झोळीजवळ आणिल्या, आणि त्या दिवसापासून सर्व घराची निद्रा त्या सर्र सर्र नादावर टेकली. पंतांनी दगड घाशिला, खिडकीची काच घाशिली, तोच नाद यंत्रात भरून ऐकविला. कन्येने सर्व नामंजूर केले.

पुढे एके दुपारी पंतांनी गोलाईचा साचा लावून पाहिला, तो केसभर फट नाही. आरसा पुरा जाहला. आता केवळ झिलई राहिली. पंत हर्षले, आणि तत्क्षणी झोळी हलली. शर्वरीबाई दोन रात्री निजल्या नव्हत्या. त्या भिंतीस टेकून बोलिल्या, "अहो, घासा ना."

"आता हात फिरला तर आरसा वाजवीपेक्षा खोल जाईल. वर्षाची मेहनत आहे, शर्वरी."

"मग नका घासू. ती रडेल, मी तिला घेऊन फिरेन. बोलवत नाही मला आता."

पंतांनी साचा पाहिला, झोळी पाहिली, मग शर्वरीबाईंचे डोळे पाहिले, आणि पुडीची चिमूट टाकून तबकडीवर हात ठेविला. सर्र सर्र ऐसा नाद जाहला, कन्या निजली, आणि शर्वरीबाई भिंतीशीच बसल्या बसल्या निजल्या. दोघी जाग्या होईतो पंत घाशीत राहिले. साचा पुन्हा लाविला नाही.

धूमकेतू आला, तो पंतांनी गच्चीवरून उघड्या डोळ्यांनी पाहिला, खांद्यावर कन्या असता. पुसट डागाहून अधिक काही दिसले नाही ऐसे ते प्रामाणिकपणे सांगतात. झिलईवाचून काचेत मुख दिसत नाही, म्हणोन आरसा ओला करून कन्येपुढे धरिला तेव्हा ती हसली. त्या वयाचे हसणे बहुधा पोटातील वाऱ्याने होते ऐसीही नोंद पंतांनीच करविली. रजा सरली. दिवाणसाहेबांनी पुसिले, "पंत, आरसा जाहला का?"

"जाहला होता, साहेब," पंत बोलिले, आणि कामास बसले.

एकंदर इतकेच. धूमकेतू गेला, आरसा बिघडला, दोघी निजल्या. पंतांनी नवी तबकडी आणिली आहे, आणि तीही झोळीजवळच ठेविली आहे.