आदी बी पडू दे

बिरूतात्यांनी एकदा स्वतःचीच शेळी कोंडवाड्यात घातली. ती कुरणात शिरली होती, आणि कुरण राखायचं काम गावाने त्यांच्याकडेच दिलं होतं. कोंडवाड्याची किल्लीही त्यांच्याच कमरेला. फाटकापाशी उभे राहून ते शेळीला दम देत होते, "मालकाला बोलव तुज्या. बघतू त्येच्याकडं." मालक काही आला नाही. आम्ही बिनदुधाचा चहा प्यायलो.

आम्ही म्हणजे तात्या आणि त्यांची भाडेकरू मी. पाणलोटाच्या कामासाठी मला पुण्याहून माण तालुक्यात पाठवलं होतं. बैठकांत मला बोलता येत नसे आणि तात्या कुणाला बोलू देत नसत, त्यामुळे आमचं जमलं.

त्यांचं म्हणणं एकच, "आदी बी पडू दे." गवताचं बी जमिनीवर पडेपर्यंत विळा लावायचा नाही, म्हणजे पाऊस हुकला तरी डोंगर उघडा पडत नाही. एवढंच. पण कुणाचं लग्न ठरत असो, एसटी रखडलेली असो, तात्यांचं उत्तर तेच. मी दमून नोकरी सोडायचं म्हणाले, तेव्हाही म्हणाले, "आदी बी पडू दे, बाई. मग जा."

कुरणाच्या वरच्या अंगाचा एक तुकडा मात्र बी पडल्यावरही ते कापू देत नसत. तो मेंढरांचा. त्यांच्या घरचा कळप दिवाळीनंतर पलूसकडे, कृष्णाकाठच्या रानांत लेंडीखतासाठी बसायला जाई आणि पावसाच्या तोंडाला परते. आता तिकडे जिथे तिथे ऊस झाला होता, कळप बसवायला मोकळं रान उरलं नव्हतं. तात्यांच्या मुलाने, धुळाने, कळप विकून महाबळेश्वरला टॅक्सी घेतली होती. गावाला हे माहीत होतं. तात्या मात्र सांगत, कळप जोडीदार मेंढपाळाकडे आहे.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. होळीपर्यंत सगळं कुरण कापून संपलं, तेवढा तुकडा उरला. शेजारच्या हौसाक्का रोज विळा घेऊन दारात.

"आवं तात्या, म्हस उठंना झालीया माजी. कवा यायची तुमची मेंढरं?"

"येत्याल."

"टॅक्सीत बसून येत्याल व्हय?"

समोरच्या पारावरची माणसं हसली. तात्या किल्ली चाचपत घरात गेले.

जत्रेला धुळा आला. स्ट्रॉबेरीचं खोकं आणलं होतं. तात्यांनी एक चाखली, तोंड वाकडं केलं आणि उरलेली शेळीला दिली. जेवताना विचारलं, "औंदा मेंढरं कवा निघायची?"

धुळाने भाकरी मोडली. "तात्या, मेंढरं न्हाईत आता."

"व्हय," तात्या म्हणाले. "कालवण घे."

सकाळी धुळाची गाडी गेली आणि तात्यांनी हौसाक्कांना हाक मारली. "जा, काप."

"आन् मेंढरं?"

"काप म्हंतूय न्हवं. बी कवाच पडलंय."

हौसाक्का विळा घेऊन निघाल्या. दुपारपर्यंत आणखी चार घरच्या बायका गवत घेऊन गेल्या.

संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. शेळी दावं तोडून त्या मोकळ्या तुकड्यात शिरली आणि गवताचे खुंट कुरतडू लागली. मी म्हणाले, "तात्या, शेळी."

"दिसतीया." किल्लीकडे त्यांचा हात गेला नाही. "पावसापातुर खाऊ दे. तितं आता कुणी यायचं न्हाई."