ईशिताची शाळा मला माहीत आहे!

मिलिंद हल्ली घरात माणसासारखं बोलत नाही, हे द्वारकाबाईंचं गाऱ्हाणं होतं. मीठ हवं असेल तर मीठ म्हणावं. हा आई, बायको, मुलगी अशा तिघींकडे आळीपाळीनं बघायचा, हात पसरायचा आणि म्हणायचा, "जेवणात काय पडलंय, हे जाणून घेण्याचा प्रत्येकाला हक्क आहे!"

"सभेत बोल तसलं," द्वारकाबाई म्हणायच्या. "हितं मी आधी तुझी आई, मतदार नंतर."

मिलिंद रणदिवे कॅनडातल्या मार्कहॅमच्या शाळा-मंडळाच्या निवडणुकीला उभा होता. त्याचं म्हणणं एकच. शाळेत पोरं काय शिकतात, काय वाचतात, कुणाशी बोलतात, हे सगळं आईबापांना आधी कळलं पाहिजे. लॉनवर त्याच्या फोटोखाली तसं लिहिलेली पाटी होती. द्वारकाबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण पोरगा पाटीवर झळकतोय म्हटल्यावर त्या रोज सकाळी ती ओल्या फडक्यानं पुसत.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी सगळ्या उमेदवारांची सभा ठरली. सीमानं चार दिवस आधी सांगितलं, "अहो, मीटिंग ईशिताच्या शाळेत आहे. सात वाजता. प्रत्येकाला तीन मिनिटं. नंबर आल्यावर जो हजर नसेल त्याचा चान्स गेला. पत्ता फॉरवर्ड करू?"

"माझ्या मुलीच्या शाळेचा पत्ता मला?" मिलिंद हसला. "ईशिताची शाळा मला माहीत आहे!"

"बाबा, आयॅम डूइंग द क्लॉक. सगळ्यांची तीन मिनिटं मीच मोजणार," ईशिता म्हणाली.

"व्हेरी गुड, बेटा," मिलिंद फोनमधून मान न काढता म्हणाला.

गुरुवारी खुर्च्या मांडायच्या म्हणून सीमा आणि ईशिता पाचलाच निघून गेल्या. साडेसहाला मिलिंदनं टाय बांधला. द्वारकाबाईंनी त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि स्वतः जरीकाठाच्या लुगड्यावर थंडीचा जाड पार्का चढवून, दह्याची वाटी हातात तशीच घेऊन गाडीत त्याच्याशेजारी बसल्या.

आता, द्वारकाबाईंच्या घरात एक नियम होता. शुभ कामाला निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारायचं नाही. विचारलं की काम नासतं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात सीमानं एकदा विचारलं होतं, आणि त्याबद्दल तिला अजून ऐकावं लागत होतं.

गाडी कोपऱ्यावर आली आणि उजवीकडे वळली. द्वारकाबाई सीटवर ताठ झाल्या. रोज सकाळी त्या खिडकीत उभ्या राहून ईशिताला हात करत. मागच्या वर्षापर्यंत पोरगी उजवीकडे वळायची. सप्टेंबरपासून ती डावीकडे वळते, बसनं जाते. प्रश्न ओठापर्यंत आला. द्वारकाबाईंनी तो दह्याच्या वाटीतला चमचा चाटून गिळला. नियम म्हणजे नियम.

शाळा आली. व्यायामशाळेत साठेक माणसं बसली होती, पुढे माइक होता आणि माइकपाशी कुणीच नव्हतं. मिलिंदला आणखी काय हवं होतं?

द्वारकाबाई मात्र दारातच थबकल्या. भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर कोटाच्या खुंट्या, प्रत्येक खुंटीवर पोराचं नाव आणि एकेक चित्र. कुणाला बेडूक, कुणाला ढग. हात धुवायचा नळ मांडीइतका खाली. "काय देश आहे!" त्या पुटपुटल्या. "हितं नळसुद्धा पोरांपुढं वाकतो." त्यांच्या गावच्या शाळेत माठ इतका उंच ठेवलेला असे, की मास्तरांची मर्जी असेल तरच पाणी मिळे. ती शाळाही दुसरीनंतर सुटली. वडलांनी सोडवली. कारण विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. एका हसऱ्या बाईनं त्यांना लाल खुर्ची दिली. खुर्ची जमिनीपासून वीतभर होती. द्वारकाबाई तीत बसल्या, म्हणजे शिरल्या.

"फेलो पेरेंट्स!" मिलिंद सुरू झाला.

लोक ऐकू लागले. कुणी उठलं नाही, कुणी खोकलं नाही. न विचारता माइक घेतलेल्या माणसाचं इतकं मुकाट्यानं ऐकून घेणारी जमात द्वारकाबाईंनी जन्मात पाहिली नव्हती. शेवटी एका उंच गोऱ्या बापानं हात वर केला.

"माझ्या मुलाचा रोज एक मोजा हरवतो. त्याबद्दल तुमचं काय मत आहे?"

मिलिंद क्षणभर चाचरला, पण उमेदवार होता. "एक्झॅक्टली! पहिला मोजा हरवला तेव्हाच तुम्हाला कळवायला हवं होतं!"

टाळ्या पडल्या. मिलिंदला चेव चढला. तो डब्यांकडे वळला, डब्यांवरून दुपारच्या झोपेवर आला. एवढ्यात हातात केबल घेऊन एक वयस्कर शिक्षिका धावत आल्या.

"सॉरी, सॉरी! प्रोजेक्टरची केबल सापडत नव्हती. थँक यू, तुम्ही सगळ्यांना छान रमवलंत. आपलं मूल किंडरगार्टनच्या कुठल्या वर्गात?"

"किंडर... मी ईशिताचा बाबा. ईशिता रणदिवे."

"ईशिता!" बाईंचा चेहरा उजळला. "आठवीच्या निरोपाला मी किती रडले! आता नववीत ना? हायस्कूल आवडतंय तिला?"

ही शाळा आठवीपर्यंतचीच होती, आणि आजची सभा बालवाडीच्या पालकांची. त्या निरोप समारंभाला मिलिंद आला होता. केकचे दोन तुकडे त्यानं स्वतः खाल्ले होते. खिशातला सायलेंटवरचा फोन त्यानं काढला. सीमाचे अकरा मिस्ड कॉल होते.

"आई, ऊठ! लवकर!"

द्वारकाबाई उठल्या. खुर्चीही उठली. मोजेवाला बाप आणि आणखी एक जण धावले आणि दोन बाजूंनी ओढू लागले. दोघंही सारखे सॉरी म्हणत होते. एक द्वारकाबाईंना, दुसरा बहुधा खुर्चीला. त्यात सात मिनिटं गेली.

हायस्कूलमध्ये पोचेपर्यंत आठ वाजून गेले होते. मंचावर पाच खुर्च्या, चार उमेदवार आणि मिलिंदच्या नावाच्या पाटीमागे हवा. भाषणं उरकून प्रश्नोत्तरं चालली होती आणि शेवटचा उमेदवार जोरात होता. एवढ्यात टण्ण करून घंटी वाजली, आणि तो सूटवाला पिकल्या केसांचा माणूस वाक्याच्या मधोमध थांबून खाली बसला.

घंटीपाशी ईशिता होती.

द्वारकाबाईंच्या अंगावर काटा आला. चौदा वर्षांची पोर. एक बोट खाली आलं, की बाप्ये गप्प!

ईशितानं दारात उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग सूत्रसंचालक बाईंच्या कानात काही बोलली. बाईंनी मान हलवली.

"मिस्टर रणदिवे," ईशिता माइकमध्ये म्हणाली, "यू मिस्ड युअर टर्न. द अदर्स से इट्स ओके. यू हॅव वन मिनिट."

मिलिंद मंचावर गेला. खिशातलं भाषण काढलं आणि परत ठेवलं.

"आईबापांना सगळं आधी कळलं पाहिजे, असं मी महिनाभर सांगतोय," तो इंग्रजीत म्हणाला. "अजूनही तेच म्हणतो. फक्त आज मी मुलीच्या जुन्या शाळेत जाऊन चाळीस मिनिटं भाषण करून आलोय. तिची शाळा बदलली, हे मला मंडळानं कळवलं होतं. तिच्या आईनं कळवलं होतं. तिनं स्वतः कळवलं होतं. तेव्हा कळवणं ही एक गोष्ट झाली, आणि दुसरी..."

टण्ण.

मिलिंद थांबला. घरात त्याला आजवर कुणी थांबवू शकलं नव्हतं. आधी कुणीतरी हसलं, मग सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. ईशिता टाळ्या वाजवत नव्हती. ती घड्याळ परत शून्यावर लावत होती. पण तिचे ओठ थरथरत होते, हसू दाबताना थरथरतात तसे.

परतताना चौघं एकाच गाडीत होते. कोपरा आला तेव्हा मिलिंद म्हणाला, "आई, तू रोज खिडकीत असतेस. मी उजवीकडे वळलो ते तुला कळलं असणार."

"कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

मागच्या सीटवर सीमानं श्वास रोखला.

"निघताना 'कुठे' म्हणू नये, असं माझ्या सासूनं सांगितलं होतं," द्वारकाबाई म्हणाल्या. "तिला मी कधी 'का' विचारलं नाही. पन्नास वर्षं झाली. उद्यापासनं या घरात निघणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, कुठं चाललास. सीमा, तू पहिली विचार." त्यांनी मान वळवून लेकाकडे पाहिलं. "आणि मिलिंद, आता तू ऐक. मत मी तुलाच देणार, कारण आज तू खरं बोललास. पण बाप म्हणून तू अजून दुसरीत आहेस. मीसुद्धा दुसरीतच राहिले. मला काढलं होतं. तुला कुणी काढलेलं नाही. अभ्यास कर."