धोंडूकाकांचं गाऱ्हाणं आणि कच्चा ब्रिज

"यंदाचं गाऱ्हाणं असं घालीन, की सत्यनारायण चौरंगावरून उठून हात जोडील!" धोंडूकाका परबांनी घाटकोपरच्या आपल्या चाळीत जाहीर केलं.

त्यामागे दुखणं होतं. वरचा पुढला दात गेला आणि त्याच्यासोबत काकांचा शब्द गेला. चाळीच्या पूजेला सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायचा मान तीस वर्षं त्यांचा. काकांनी एकेक मागायचं, चाळीने डोळे मिटून 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं. गेल्या वर्षी मात्र प्रत्येक 'स'मधून शिट्टी निघाली. पोरं हसली. कमिटीचा सर्वेश म्हणाला, "काका, पुढच्या टायमाला रेकॉर्ड केलेलं गाऱ्हाणं मोबाइलवर लावूया ना!" त्या दिवशी काका जेवले नाहीत.

दातांच्या डॉक्टर सुहासिनींनी नीट समजावलं. काढघालीची कवळी बोलताना हलते. इम्प्लांट हाडात रोवायचा, तो रुजायला महिने लागतात. ब्रिज लवकर होतो, घट्ट बसतो. पण शेजारचे दोन धडधाकट दात घासून बारीक करावे लागतात. त्यांच्यावर टोप्या चढवायच्या, आणि मधला नवा दात त्या दोघांनी तोलायचा.

"त्या दोघांचा गुन्हा काय?" काकांनी विचारलं.

"काही नाही. ते जागेवर उभे राहिले, एवढंच."

"मग परत वाढतील ना?"

"नाही, काका. घासले ते घासले."

काकांनी जिभेने ते दोन दात चाचपले. मग बायकोकडे, मालनकाकूंकडे बघून त्यांनी तोंड उघडलं.

पक्का ब्रिज गुरुवारी बसायचा होता, पूजा मंगळवारी. तोवर तात्पुरता चिकटवलेला कच्चा ब्रिज. "चिकट काही खायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं.

मंगळवारी मालनकाकूंच्या माहेराहून, मालवणातून, खाजं आलं. गूळ-आल्यात घोळवलेलं!

"अहो, डॉक्टर काय म्हणाली?"

"चिकट नको म्हणाली. ह्या तर कडक आसा!" काकांनी तुकडा दाढेखाली धरला. गूळ विरघळला आणि हळूच पुढे सरकला.

संध्याकाळी काका नारळ घेऊन उभे राहिले. आवाज घंटेसारखा!

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या लेकरांनी जी सेवा केली, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ ठेवायला काका वाकले, आणि तिन्ही दातांचा ब्रिज सुटून प्रसादाच्या शिऱ्यात पडला. काजूंमध्ये काजूसारखा दिसेनासा झाला.

"माझे दात पडले!"

"व्हय म्हाराजा!" चाळीचे डोळे मिटलेलेच.

"शिरो वाटू नकात!"

"व्हय म्हाराजा!"

"अरे, डोळे उघडा रे!"

"व्हय म्हाराजा!!"

मालनकाकूंनी पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात शिऱ्यात घातला. काका उघडे पडले होते. पुढे भलंमोठं खिंडार, त्यात घासलेले दोन खुंट. मागे फिरावं, तर मान कायमचा मोबाइलला जाणार. त्यांनी डोळे मिटले. शिट्टी वाजत होती, पण आता काका थांबत नव्हते.

"जो आपला काय चुकलेला नसताना दुसऱ्यासाठी झिजता," ते म्हणाले, "त्येका सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी आवाज खाली आला. शिऱ्यातला हात थांबला. कडेच्या खोलीतली सुंदराबाई, आजारी सासूचं सगळं एकटीने करणारी, पदराने डोळे टिपू लागली.

"जो गेलो, त्येची जागा भरूक आम्ही धडपडतो. आमका हसू नको रे म्हाराजा."

कुणीच हसलं नाही. पोरंही नाहीत.

काकूंनी शिऱ्यातून ब्रिज शोधून काढला. मग शिरा वाटताना सर्वेश काकांच्या पाया पडला. "काका, काटा आला अंगावर! ती शिट्टी, ते तोंड... लोकांना पटतं. मोबाइल गेला खड्ड्यात. दरवर्षी तुम्हीच, आणि असंच, दाताशिवाय!"

गुरुवारी ब्रिज बसला. शुक्रवारी सर्वेशने काकांना जिन्यात गाठलं, तोंड उघडायला लावलं आणि दोन बोटांनी दात हलवून पाहिला.

"पक्का आहे?"

"पक्का."

"पूजेपुरता निघेल ना?"

"दहा-पंधरा वर्षं तरी नाही."

सर्वेश पायरीवर बसला. "वाट लागली, काका."