आठव्या क्रमांकाच्या फत्तेची हकीकत

समस्त वाचकमंडळींचे सेवेसी, पथकाबरोबर वही घेऊन गेलेल्या कारकुनाचा दंडवत. चार वर्षांतून एकदा मुलूखमुलूखचे खेळाडू एके जागी जमून परस्परांस घाम फोडितात, त्या सामन्यांस आपले पथक गेले, तेथे कैसा पराक्रम जाहला हे यथास्थित लिहून ठेवावे, ऐसी आज्ञा जाहली. त्यास, सेवकास खोटे लिहिण्याची खोड नाही. वाढवून लिहिण्याची आहे, परंतु या खेपेस तिची गरज पडली नाही.

खासे पथकप्रमुख साहेब, त्यांचे दिमतीस सतरा अधिकारी, आणि त्यांचे मागे, जागा उरली तेथे, नऊ खेळाडू, ऐसा सरंजाम कूच करून खेळाडूंच्या वसाहतीत दाखल जाहला. सर्वांचे अंगी एकाच मापाचे कोट होते, ते कोणासच होईनात. मग लढाईस तोंड लागले आणि पहिले दिवशी कुस्तीगीर चीत जाहला, आणि दुसरे दिवशी नेमबाजाने अचूक नेम साधिला, परंतु तो शेजारच्याच्या लक्ष्यावर, आणि पोहणारा काठास लागला तो बाकीचे अंग पुसून निघून गेले होते. ऐसे होता होता आठवे दिवशी एकच मोहरा शिल्लक राहिला, तो वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीतील टपालवाली.

ही बाई खरोखरच टपालखात्यात चाकरीस, रोज चार गल्ल्या आणि एकोणीस जिने पालथे घालणारी. तिचे उस्ताद तिचे सख्खे मामा. तेही त्याच खात्यातून निवृत्त, आणि एकतीस वर्षांच्या चाकरीत एकदाही पळाले नाहीत, कुत्रे मागे लागले तरी नाही, ऐसी त्यांची ख्याती. भाची चाकरीस लागली त्या पहिले दिवशी जिना धावत चढू लागली, तेव्हा मामांनी खालून विचारिले होते, "पत्र कुठं पळून चाललंय?" तेवढाच काय तो त्यांचा उपदेश. नातलग हसून म्हणत, "चालायला काय शिकवायचं? ती वर्षाची असतानाच शिकलीय!"

आता या युद्धाचा कायदा ऐसा की एक पाय सदैव जमिनीस टेकलेला असावा आणि पुढे पडणारा गुडघा ताठ असावा. जो पळेल त्यास पंचाने लाल कार्ड लिहावे, आणि तीन पंचांची तीन कार्डे जाहली की त्याने गाशा गुंडाळावा. मागील सामन्यांत टपालवाली पाचवी येत होती. परंतु आपल्या लोकांस जुनी खोड आहे, की आपले माणूस शेवटच्या रेषेकडे निघालेले दिसले की तोंडून "पळ! पळ!" हेच निघते, मग ते चालण्याच्या शर्यतीत का असेना. सर्व अधिकाऱ्यांनी एकमुखाने आरोळी दिली आणि, वडीलधाऱ्यांचा शब्द कैसा मोडावा म्हणून, ती बिचारी पळाली आणि बाद जाहली.

तो डाग मनी धरून प्रमुख साहेबांनी या खेपेस फर्मान काढिले, की पहिल्या आठांत आली तर उत्तम, न आली तर पुढील सामन्यांस चालणारे नेणे नाही, ज्यास चालायचे त्याने आपले घरी चालावे. ते ऐकून मामांनी ताट दूर सारिले. वय बासष्ट, शिष्या एकच, आणि तिला पुन्हा संधी नाही म्हणजे त्यांच्या आयुष्यभराच्या चालण्यास काही अर्थ होता, हे दाखविण्यासही संधी नाही.

मग मामांनी वसाहतीतील कपडे धुण्याच्या खोलीत सर्व अधिकाऱ्यांस बोलावून खलबत केले आणि यंत्रांच्या घरघरीत शपथ घेवविली, की रणांगणी "पळ" हा शब्द कोणी उच्चारणे नाही, "चाल" म्हणावे. चार वेळा तालीम जाहली. तिसरे वेळीही दोघे "पळ" म्हणालेच. प्रमुख साहेबांनी सर्वांत मोठ्याने शपथ घेतली.

दुसरे दिवशी सकाळी सात वाजता रणशिंग म्हणजे शिट्टी वाजली. एक किलोमीटरचा फेरा, ऐसे वीस. टपालवाली कंबर हलवीत, गुडघे ताठ ठेवीत, दहाव्या फेऱ्यास चौदावी होती आणि पंधराव्यास अकरावी, परंतु तेथवर दोन लाल कार्डे तिचे नावावर चढली. मामा कठड्याशी उभे राहून फक्त तिचे पाय पाहात होते. शेवटच्या फेऱ्यास ती आठवी जाहली. मागे चार पावलांवर हिरव्या सदऱ्याची एक उंच बाई, तिचेही नावावर दोन कार्डे, आणि अंतर घटत चाललेले.

दीडशे पावले उरली तेव्हा प्रमुख साहेबांनी खुर्ची सोडली, कोटाची बटणे तोडली, आणि गरजले, "पळ गं बाई, पळ!"

सतरा जण हुकुमाचीच वाट पाहात होते. मग "पळ! पळ!" ऐसा गिल्ला जाहला की पाखरे उडाली. टपालवालीची डावी टाच उचलली जाऊ लागली. मामा कठड्यावरून वाकून, जिन्याखालून बोलावे तसे, इतकेच बोलिले, "पत्र कुठं पळून चाललंय?"

टाच जमिनीस लागली. गुडघा ताठ जाहला.

इकडे आमचा गिल्ला ऐकून हिरव्या सदऱ्याच्या लोकांसही चेव आला आणि तेही आपल्या भाषेत ओरडू लागले. काय ते दुभाष्यावाचून समजले, कारण ती बाई चार ढांगा पळाली आणि तिसरे कार्ड घेऊन बाजूस जाहली. टपालवाली चालत रेषेपलीकडे गेली आणि मटकन खाली बसली.

आणि मग मामांनी कठडा ओलांडला आणि मामा पळाले. गुडघे वाकलेले, दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, एक चप्पल मागे राहिलेली. ते पाहून एका पंचाचा हात सवयीने कार्डाकडे गेला.

"अहो मामा, बाद व्हाल!" टपालवाली धापा टाकीत म्हणाली.

"होऊ दे," मामा म्हणाले, आणि तिच्याजवळ बसून रडू लागले.

येणेप्रमाणे आठवा क्रमांक सर जाहला, आणि पुढील सामन्यांस चालणाऱ्यांची जागा कायम जाहली. आपण "चाल" म्हणालो होतो, ऐसी दुरुस्ती प्रमुख साहेबांनी सुचविली आहे. ती नमूद केली, मान्य केली नाही. मामा, वय बासष्ट, एकतीस वर्षांच्या चाकरीत कधी न पळालेले, तीस पावले पळाले, त्याची नोंद शेवटी केली आहे. वेळ कोणी लाविली नाही. खरे लिहिले असे.